खंड्याचा शेवटचा खेळ

शेवंताबाई आजही आल्या होत्या. दारावर तिकिटं फाडणाऱ्या अतुलनं त्यांना पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं आणि उद्यापासून हा सिनेमा उतरणार, हे एकदाचं सांगून टाकलं. बाईंचा चेहरा पडला. अजून एक दिवस राहणार न्हाय का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

सिनेमा लहान मुलांच्या जुन्या गोष्टीवरचा. धन्याला शोधत रानोमाळ फिरणारं कुत्रं. पडद्यावरचा तो खंड्या उचगावचा, शेवंताबाईंच्या घरचा. पन्हाळ्यावर शूटिंग झालं तेव्हा त्यानं सगळ्यांना घाम फोडला होता. बिस्किटांचे पुडे संपले, दिग्दर्शकाचा घसा बसला, पण पठ्ठ्या जागचा हलेना. शेवटी शेवंताबाईंचे मालक जोतीराम झुडपाआड बसले आणि त्यांनी हाक दिली, तसा खंड्या सुसाट सुटला. दिग्दर्शकानं ती हाक सिनेमातही तशीच ठेवली. अतुल हा किस्सा येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगायचा.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा घर खायला उठतंय, एवढंच म्हणाल्या होत्या. अतुलनं जास्त खोदून विचारलं नाही. त्याचंही एक कुत्रं एसटीखाली गेलं होतं. ते दुःख त्याला ठाऊक होतं.

आज त्यानं हळूच विचारलं, आठवण म्हणून मोबाईलवर पडद्यावरचा एक फोटो काढून देऊ का.

"फोटू नको. घरात हाय की, हार घातलेला."

अतुलला नवल वाटलं नाही. कोल्हापुरात जनावराला घरच्यासारखंच मानतात. त्याला फक्त फार वाईट वाटलं.

धुक्याचा प्रसंग आला. पडदा नुसता पांढरा, त्यात वाट चुकलेला खंड्या. धुक्यातून कुणीतरी हाक मारली, "ये रं माझ्या वाघा, ये." बाईंनी नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. बघवत नसणार, अतुल मनात म्हणाला.

खेळ सुटला. लोक गेले, तरी बाई उठेनात. अतुल शेजारच्या खुर्चीत टेकला.

"मावशी, किती दिवस रडत बसणार? ओळखीत एक पिल्लू हाय. खंड्यागत दिसतंय. आणून देऊ?"

शेवंताबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"पिल्लू कशाला, लेकरा? खंड्या हाय की घरात. त्यो बी दाराकडं बघत बसतोय, मालक हाक मारत्यात काय म्हणून."