दहावा छर्रा

"सकाळपासून ते एवढंसं पितळ धरून बसलायस! चारच्या आत होणार आहे की नाही?" आईनं कात्री टेबलावर आपटली.

"टेबल हवंय तर घे ना! डोकं कशाला खातेस?"

"टेबल नकोय. विचारलं तेवढं सांग."

"होईल!" तो ओरडला.

टेबल तिचंच होतं. निम्म्यावर शिलाई मशीन, निम्म्यावर त्याचा पसारा. शाळा सोडल्यापासून तो प्रत्येक कामावरून भांडून परत आला होता. टिकला तो एकाच कामात. एअरसॉफ्टची, म्हणजे खेळातली, गॅसवर प्लास्टिकचे छर्रे उडवणारी पिस्तुलं दुरुस्त करण्यात. आईनं कात्री उचलली आणि परत बाही कापायला घेतली. त्या कात्रीला घरात कुणी हात लावत नसे. लावला तरी ती आईशिवाय कुणाच्या हातात चालतच नसे.

आज त्याच्यासमोर होतं ते पिस्तूल घारीचं होतं.

मैदानावर सगळेच मुखवटा लावून खेळतात. पण घारीचा चेहरा कुणीच कधी पाहिला नव्हता. रविवारी यायची, खेळायची, मुखवट्यासकट निघून जायची. नाव पोरांनी ठेवलेलं. त्यानं तिला एकदाच बघितलं, जाळीबाहेरून. पळता पळता, डाव्या हातानं, पाच छर्रे आणि पाच डबे आडवे. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी तो जेवायचंही विसरला होता. नावामुळे 'ती' म्हणायचं, पण मुखवट्यामागे कुणीतरी तगडा गडी असणार, असं सगळे म्हणायचे. रविवारी दुपारनंतर आई कारखान्यात ओव्हरटाइमला जायची, नाहीतर तिलाही नेऊन घार दाखवली असती.

काल मैदानवाला पिस्तूल घेऊन आला. "दहाव्या छर्ऱ्याला दम तोडतंय. उद्या फायनल. तिथं दम तोडला तर घार गेली."

घोडा ठोका मारतो, मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमधला व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, गॅस सुटतो, आणि तेवढ्या फुंकरीवर सगळा खेळ. जुन्या व्हॉल्व्हचं तोंड बारीक होतं. त्यानं रुंद तोंडाचा नवा पितळी बसवला, गॅस भरला, मॅगझिन पाण्यात बुडवलं. तळातून बुडबुडे. तळ उघडला तर रबराची रिंग फुगून बसलेली. त्यानं वास घेतला आणि भडकला.

"कुठल्या गाढवानं यात शिलाई मशीनचं तेल घातलंय!"

आईचं मशीन थांबलं.

"गाढव कशाला? माहीत नसेल बिचाऱ्याला."

"घारीला माहीत नसेल? घारीला? तिच्या घरातल्या कुठल्यातरी बावळटानं घातलं असणार."

"घरात बावळट असतो एखादा," आई म्हणाली. "मग काय घालतात?"

"सिलिकॉनचं. त्यानं रबर फुगत नाही."

"सिलिकॉन," आई पुटपुटली, जणू वाण्याच्या यादीत लिहून घेत होती.

त्यानं रिंग बदलली. पाणी शांत. एक बुडबुडा नाही. मग भिंतीशी खोका ठेवला, गॉगल लावला आणि सुरुवात केली. एक. दोन. तीन. आई मशीन सोडून मागे येऊन उभी राहिली. आठ. नऊ. त्यानं श्वास रोखला.

दहा.

पहिल्याइतकाच कडक आवाज. आईनं खोका उचलून उजेडात धरला. दहा भोकं, दहाही एका मापाची. तिनं शेवटच्या भोकावरून हळूच बोट फिरवलं.

"आई, हे आता घारीच्या हातात जाणार!" त्याचा आवाज फाटला. "तिनं एकदा 'चांगलं झालंय' म्हटलं ना, बास. मग जगानं मला काहीही म्हणू दे."

सव्वातीन वाजले. न्यायला कुणी आलं नाही. तो खिडकीला नाक लावून उभा राहिला. "घार स्वतः घेऊन जाईल म्हणाला होता मैदानवाला. अजून कशी आली नाही?"

मागे आईनं गळ्यातली टेप काढली. केस करकचून बांधले. कापडाच्या गठ्ठ्याखालून ओव्हरटाइमची पिशवी ओढली. पिशवीतून काहीतरी टेबलावर पडलं म्हणून तो वळला.

काळा मुखवटा.

आईनं पिस्तूल कात्रीसारखं डाव्या हातात घेतलं, तोललं, वरची स्लाइड मागे ओढून सोडली.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "खूपच चांगलं."

त्यानं आ वासून मुखवट्याकडे बघितलं, मग तिच्या डाव्या हाताकडे.

"तोंड मिट, माशी जाईल. आणि गाढव म्हणालास, त्याचं नंतर बघते." तिनं मुखवटा चढवला. "मला आता निघायला हवं."