पिसासारखी सुरी

"हलकी सुरी नको गो, पडली तर समजाची नाय," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. परवान्याने मारलेलं रानडुक्कर सोलताना जड सुरीने नवऱ्याचं मनगट भरून यायचं, म्हणून मीच पिसासारखी सुरी निवडली.

काल डुक्कर सोलून तो अंगणातून घरात आला. "कमरेक आसा ता समजत पण नाय," मित्रांपुढे ऐट केली. त्याच्या कमरेचं म्यान रिकामं दिसताच मी अंगणात धावले. आमच्या रांगणाऱ्या लेकीने, इराने, तिथे पडलेली सुरी तोंडाशी नेली होती. मी किंचाळून ती हिसकावली.

"लागला नाय मां? मगे कशाक बोंबलतंस?" नवरा म्हणाला. मित्र हसले. तिला लागलं असतं, तरच मला ओरडायचा हक्क होता का?

तुमचं रांगतं बाळ शांत आहे? उठा, आधी बघून या.