आधी मोठ्यांना

खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता आणि थोरल्या काकूंनी अजून बाकाला पाठ टेकवली नव्हती.

क्लबच्या बास्केटबॉल संघात जागा उरली होती एक, आणि तिच्यावर डोळे दोघींचे. एक काकूंची पुतणी. पोर कोवळी, अजून घडायची होती, पण उंची अशी की मैत्रिणींनी नाव ठेवलं शिडी. दुसरी सहा हंगाम खेळून मुरलेली, गुडघ्याला पट्टा बांधून धावणारी. तिला सगळ्या ताई म्हणत. आज कोचनी दोघींना एकाच बाजूने उतरवलं होतं. त्यातली एकच राहणार होती.

समोरच्या खुर्च्यांवर कोच आणि क्लबचे सेक्रेटरी बसले होते. सेक्रेटरींचं पोट आधी खोलीत येतं आणि ते मागाहून, हे काकूंनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. मघाशी त्यांचं बोलणंही कानावर आलं. यंदा जिंकायचंय, सेक्रेटरी म्हणत होते, रोपवाटिका चालवायला बसलो नाही आपण. कोच म्हणाले, पोरीला वर्षभर द्या, मग ती जे करील ते या ताईला आता जमायचं नाही. फक्त एकदा, कुणाच्या आधाराशिवाय, तिने स्वतः बास्केट केलेलं दाखवू दे. मग सगळ्यांची तोंडं मी बंद करतो.

एकदाच. एवढंच तर मागत होता माणूस.

घरात ही पोर वाकून चालायची. चौकटीला डोकं लागतं म्हणून, आणि घरातल्या पुरुषमाणसांपेक्षा उंच दिसू नये म्हणूनही. पण त्या पांढऱ्या रेघेच्या आत पाऊल पडलं की तिची पाठ सरळ व्हायची. काकूंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, ही आपल्याच घरची का? घरी जाऊन दिराशी कडाकडा भांडल्या आणि पोरीचं खेळणं त्यांनी चालू ठेवलं. ही जागा गेली तर दीर काय म्हणणार, ते त्यांना ठाऊक होतं. म्हणणार काहीच नाही. नुसते हसतील.

तेवढ्यात बॉल बास्केटच्या फळीवर आदळून वर उडाला. शिडीने सगळ्यांच्या डोक्यावरून तो असा काढला, जसा फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा काढावा. घरी ते काम तिचंच. पाय जमिनीला टेकले तेव्हा पुढ्यात कुणी नव्हतं. बास्केट डोक्यावर. नुसता हात वर करायचा होता.

कोच खुर्चीतून अर्धे उठले.

बाजूला ताई उभी होती. तिने हाकही मारली नाही, नुसते हात पुढे केले. शिडीने तिच्याकडे पाहिलं.

ती नजर काकूंच्या ओळखीची होती. पातेल्यात एका ताटापुरतंच उरलं की पोर अशीच बघायची, मोठ्यांपैकी कुणाचं ताट रिकामं आहे का. त्यांनी तोंड उघडलं. पण ओरडायचं काय? देऊ नकोस? पोरीला बोट धरून चालायला शिकवलं तेव्हापासून एकच सांगत आल्या होत्या, आधी मोठ्यांना. आल्यागेल्याला मान वर करून ऐकवलं होतं, आमच्या पोरीने मोठ्यांच्या आधी कधी घास तोंडात घातला नाही. उघडलेलं तोंड त्यांनी पदराने झाकलं.

बॉल ताईच्या हातात गेला. ताईने तो अलगद बास्केटमध्ये सोडला. शिट्टी वाजली. सगळ्यांत जोरात टाळ्या शिडीनेच वाजवल्या.

कोच काकूंपाशी आले ते खाली बघत.

“काकू, पोर गुणाची आहे.”

“ते मला ठाऊक आहे. ठेवताय का?”

“मी सांगून थकलो हो तिला. सांगितलं की मान हलवते, आणि बॉल हातात आला की पुन्हा कुणीतरी मोठं शोधते. असं शिकवतं तरी कोण या मुलींना?”

शाळेच्या हेडमास्तरांना खुर्चीतून उठवणाऱ्या काकू. भर बाजारात भल्याभल्यांची बोलती बंद करणाऱ्या. त्या पदर सारखा करत राहिल्या.

“घरचं वळण आहे,” शेवटी म्हणाल्या. हे वाक्य एवढ्या हळू त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

“चांगलंच वळण आहे,” कोच म्हणाले. “यंदा नाही जमायचं, काकू.”

मागे सेक्रेटरी ताईच्या पाठीवर थाप मारत होते.

बाहेरच्या पायऱ्यांवर पोर उभी होती. घामाने कपाळावर केस चिकटलेले, ओठ सुकलेले. कोचचं तोंड तिने लांबून पाहिलं असणार. पण तिने काही विचारलं नाही. मोठ्यांनी सांगितल्याशिवाय विचारायचं नाही, हेही तिला शिकवलेलं होतं. तिने पिशवीतून बाटली काढली, हलवून पाहिली. तळाशी दोन घोट पाणी होतं. तिने झाकण उघडून बाटली काकूंपुढे धरली.

“तू पी,” काकू म्हणाल्या.

“तुम्ही आधी.”

“मी सांगते ना. पी.”

पोर गोंधळली. काकूंचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता. पण बाटली काही मागे घेतली नाही. ती एक पायरी खाली उतरली, आणि बाटली काकूंच्या हाताशी नीट यावी म्हणून पाठीतून वाकली.