बऱ्या झालात की!

रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या आजाराने कपडे शिवणाऱ्या काकूंच्या हातातला जोरच गेला होता. दर महिन्याला सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन हे औषध मिळू लागलं, तशी बोटं वळू लागली, सुईत दोराही जाऊ लागला. आणि नेमकी तेव्हाच विमा कंपनीने औषधाची मंजुरी काढून घेतली.

काकू तणतणत कार्यालयात पोचल्या.

"काकू, तुम्ही तर ठणठणीत झालात," साहेब कागद वाचता वाचता म्हणाला. "आता औषध कशाला?"

"अहो, औषध आहे म्हणून तर हात चालतोय!"

"नियम आहे."

काकूंनी टेबलावरून वाकून त्याच्या नाकावरचा चष्मा काढला आणि मुठीत घट्ट धरला.

"अहो, हे काय? मला त्याच्याशिवाय अक्षर दिसत नाही!"

"काहीतरीच काय!" काकू कडाडल्या. "आत्तापर्यंत तर घडाघडा वाचत होतात!"