आल्वाच्या कुशीत

गेलेल्या लेकरांना कुशीत घेणारी आल्वा देवी मार्गिटने स्वतःच्या कादंबरीसाठी रचलेली. पण उत्तर युरोपातले जुने नॉर्स देव पुन्हा पुजणारी तिची अमेरिकेतली, मिनेसोटातली मंडळी आल्वालाही मद्य वाहू लागली. मुलगा तळ्यात बुडाला तेव्हापासून डार्लीन तर त्या देवीच्याच आधारावर जगत होती.

आज मार्गिटच्या लेकीला, टेसाला पुरून नववा दिवस. मद्याने भरलेला शिंगाचा पेला हातोहात फिरत मार्गिटकडे आला, तशी डार्लीन तिला बिलगली.

"रडू नकोस गं. माझ्या पोराला सांभाळलं, तशी तुझ्या टेसालाही सांभाळेल ती. नाव घे तिचं आणि पी बघू."

मार्गिटने डार्लीनकडे पाहिलं. नाव घेतलं, प्यायली.



कादंबरी लिहिताना नाव सुचेना, म्हणून तिने देवीला आपल्या लहानपणीच्या मांजरीचं नाव दिलं होतं. त्या मांजरीने स्वतःची चारही पिल्लं खाल्ली होती.