अजून येवंक ना

तिनसांजेला जयरामचा टिपर अंगणात येऊन थांबला. इंजिन बंद झालं, पण दरवाजा काही उघडला नाही. खाणीच्या लाल धुळीने माखलेल्या काचेमागे जयराम दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत बसून राहिला.

फाटकाशी मधुकर आला. तोही खाणीवरचाच. अंगणाच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर, भाषेच्या आंदोलनातली एक घोषणा अर्धीमुर्धी पुसून राहिली होती, तिला पाठ टेकून त्याने विचारलं, "जयराम आयलो?"

पायरीवर बसलेली जयरामची मुलगी, गौरवी, म्हणाली, "बाबा अजून येवंक ना."

मधुकरने टिपरकडे पाहिलं. आतल्या माणसाकडे पाहिलं. "बरें," तो म्हणाला. "आयलो काय सांग, मधुकर येवन गेलो म्हूण." आणि आला तसा गेला.

या घराची ही रीतच होती. घरातला पुरुष असा बसला की तो अजून आलेला नाही, असं म्हणायचं. ताट झाकून ठेवायचं. त्याच्या समोरून जाताना मान वर करायची नाही, आणि हाक तर मारायचीच नाही. जयरामचे वडील विहिरीकडच्या दगडावर असेच बसत. तेव्हाही सगळे म्हणत, अजून आलेले नाहीत. मग एका संध्याकाळी ते खरोखरच आले नाहीत. "कोणेंतरी हाक मारली आसतली," एवढंच सत्यवती, त्यांची बायको, म्हणत. गाव मान डोलवी.

जयरामची बायको चंद्रावती तुळशीपुढे दिवा ठेवून वळली, तर पायरी रिकामी. गौरवी टिपरच्या दाराखाली, पायदानावर बसली होती. पाठ ताठ, नजर समोर. दोन्ही हात पुढे धरलेले, बोटं एखादी गोल वस्तू आवळल्यासारखी.

"चल गो, जेवण थंड जाता."

मुलीचे ओठ तेवढे हलले. "गौरवी अजून येवंक ना."

चंद्रावती हसायला गेली, पण हसू आलं नाही. त्या आवाजात खेळ नव्हता. तिने मुलीचा हात धरला. तो गार होता, आणि ओढूनही खाली येईना. तिने वर पाहिलं. काचेमागे दोन हात. इथे खाली दोन. मधे दाराचा लाल पत्रा.

ती पायदानावर चढली. तो असा बसलेला असताना कधी कोणी हात लावला नव्हता ते दार तिने ओढलं. दार करकरलं, तशा सत्यवती उंबऱ्याशी आल्या.

"चंद्रावती, हाक मारूं नाका. मनीस फाटीं परतना."

चंद्रावतीचा हात दारावरच थांबला. हाक मारली की असा बसलेला माणूस माघारी फिरत नाही, ही सासूबाईंची भीती उगाच नव्हती, हे तिला ठाऊक होतं. खाली मुलगी पापणीसुद्धा हलवत नव्हती.

"अवो," तिने हाक मारली. "तुमी आयल्यात. म्हाका दिसतात."

जयराम हलला नाही.

"गौरवी म्हणटा, ती अजून येवंक ना."

मग स्टीअरिंगवरचं एक बोट सुटलं. मग दुसरं. खोल विहिरीतून यावा तसा त्याचा आवाज आला. "खंय आसा ती?"

"तुमच्या पांयाकडे."

तो उतरला. वाकायला त्याला वेळ लागला. मुलीसमोर मातीत बसून तिची बोटं तो एकेक करून सोडवू लागला. त्याच्या हातांची लाल धूळ तिच्या हातांना लागली.

"आयलों गो बाय," तो म्हणाला. "आयलों."

गौरवीने त्याच्याकडे पाहिलं. ओळख पटायला थोडा वेळ गेला. मग तिने आईला विचारलं, "बाबा खंय आसलो?"

"बाबाक बरें ना," चंद्रावती म्हणाली. "दुयेंस आसा, ताप येता तशें. तुवें कांयच करूंक ना. फाल्यां म्हापशाच्या दोतोराकडे आमी वतात." आणि सासूबाईंकडे वळून, तो आजारी आहे, उद्या डॉक्टरकडे जायचं आहे, हेच तिने पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. गडग्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तिघं आत गेली. ताटावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

सत्यवती उंबऱ्यावरच उभ्या होत्या. अंधार विहिरीपर्यंत आला होता, दगड जेमतेम दिसत होता. त्यांनी आत एकदा वळून पाहिलं. मग पदर डोक्यावर घेतला, दोन पायऱ्या उतरल्या आणि त्या दगडाच्या दिशेने, नव्या नवरीसारख्या बारीक आवाजात म्हणाल्या,

"अवो. जेवंक येयात."