शुकरीचं नेट

"वायफाय नाही म्हणतोय मेला!" मब्रूकाने फोन लस्सादच्या नाकासमोर धरला. "वायफायशिवाय अपडेट होणार नाही. आणि अपडेट केलं नाही तर एक तारखेपासून मेसेज बंद. हा फोन आहे का सासू?"

लस्सादने वाचलं. खरंच होतं. फोन जुना, त्यातली सिस्टीम जुनी, आणि मेसेजचं ॲप आता तिच्यावर चालणार नव्हतं. नवी सिस्टीम सिमच्या नेटवर उतरत नव्हती. वायफाय होतं बंदरावरच्या कॅफेत. तिथे दिवसभर पुरुष पत्ते कुटत बसलेले असायचे. जर्जिससारख्या गावातली कुठली बाई तिथे जाऊन बसणार?

"मग राहू दे ना, मावशी," तो शक्य तितक्या सहज म्हणाला.

मनातून त्याला हेच हवं होतं. एक तारीख यावी, ॲप बंद पडावं आणि सगळं आपोआप मिटावं. कारण मब्रूकाच्या मुलाचे, शुकरीचे, इटलीहून येणारे मेसेज लस्साद लिहीत होता. शुकरी इटलीला पोचलाच नव्हता.

दोघे चोरून एकाच होडीतून समुद्रापलीकडे निघाले होते. निघताना शुकरीने आपला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून लस्सादच्या गळ्यात बांधला. जर्जिसची पोरं असंच करतात. ज्याला सगळ्यांत चांगलं पोहता येतं, त्याच्या गळ्यात फोन. होडी उलटली. कोळ्यांनी लस्सादला तेवढं वर ओढलं. त्यांच्या झोपडीत तो तापाने फणफणत पडला होता आणि उशाशी चार्जिंगला लावलेला शुकरीचा फोन सारखा थरथरत होता. बाळा, पोचलास का? बाळा, काहीतरी लिही रे. शेवटी एका दुपारी त्याला सहन होईना. त्याने लिहिलं, 'आई, पोचलो.' गावात परतल्यावर सांगितलं की मला पोलिसांनी पकडलं, शुकरी निसटला.

इटलीच्या थापा लवकरच संपल्या. मग शुकरीच्या नावाने तो स्वतःचंच लिहू लागला. झोप लागत नाही. डोळे मिटले की पाणी दिसतं. मब्रूकाचं उत्तर लगेच यायचं. दिवा चालू ठेवून झोप. पोटात काही गरम जाऊ दे. मी जागी आहे. लस्सादला आई नव्हती. हे वाचताना मेलेल्याच्या ताटातलं आपण जेवतोय असं त्याला वाटायचं, आणि तरी तो जेवायचा. फोनच्या पडद्यावर शुकरीचा हसरा फोटो होता. रोज पहाटे तो फोटो त्याला विचारायचा, काय लिहितोयस माझ्या आईला?

"राहू दे कसं?" मब्रूका म्हणाली. "पोरगं तिकडे एकटं आहे. पहाटे उठून लिहितं. माझं उत्तर गेलं नाही तर काय करेल ते?"

तिने फोन पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"तुझ्या फोनचं नेट दे की. तुम्ही पोरं देता ना एकमेकांना."

"माझं संपलंय, मावशी. शपथ."

"मग त्या दुसऱ्याचं दे."

"कुठल्या दुसऱ्याचं?"

"तुझ्या खिशात गुरगुरतो त्याचं. का, कुठल्या पोरीचा आहे? मी नाही बाई विचारत."

तो कसनुसा हसला. तिच्याकडे पाठ करून त्याने खिशातला शुकरीचा फोन काढला आणि हॉटस्पॉट चालू केला. तिचा फोन आपल्या हातात घ्यायचा, नाव आपणच निवडायचं, पासवर्ड आपणच घालायचा, असं त्याने ठरवलं होतं. तिला काही दिसायचं कारण नव्हतं.

"आण इकडे तुझा फोन."

"लागलं की," मब्रूका म्हणाली. "पासवर्डसुद्धा नाही मागितला."

शुकरी घरी असताना याच फोनवरून आईला नेट द्यायचा. तिचा फोन ते विसरला नव्हता. तिच्या पडद्यावर नाव आलं होतं, शुकरी. खाली लिहिलं होतं, जोडलं गेलं. आणि हे असलं नेट अंगणाच्या भिंतीपलीकडे जात नाही. क्षणभर लस्सादनेच दाराकडे पाहिलं. वाटलं, ओल्या कपड्यांनी शुकरी आत येईल आणि म्हणेल, सरक रे, माझी जागा आहे ती.

मब्रूकाने दाराकडे पाहिलं नाही. तिने फोन ओट्यावर ठेवला. पडद्यावरची निळी रेघ मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागली. तिने रव्याच्या कुसकुसाचं ताट वाढलं, वर माशाचा मोठा तुकडा ठेवला आणि ताट लस्सादपुढे सरकवलं.

"वेळ लागणार म्हणतंय. जेवून घे तोवर."

त्याला घास उचलवेना. त्याने शुकरीचा फोन ताटाशेजारी ठेवला. शुकरी हसत होता.

"मावशी, मी तुला..."

"जेव आधी. आणि पहाटेचं लिहिणं चुकवत जाऊ नकोस. परवा उशीर केलास. माझा जीव टांगणीला लागतो. वाटतं, हा पोरगा पुन्हा पाण्याकडे गेला की काय."

लस्सादने शुकरीचा फोन पालथा घातला.

"तुला... कधी कळलं?"

मब्रूका माशातले काटे काढत होती. काढता काढता ती थांबली.

"तुझा पहिला मेसेज आला ना, 'आई, पोचलो' म्हणून, तेव्हा मी स्फाक्सच्या इस्पितळात होते," ती म्हणाली. "त्यांनी नुकतीच चादर बाजूला केली होती. शुकरी माझ्यासमोर होता."